सोसायटीच्या चेअरमन-डायरेक्टर मंडळींना एका पिग्मीवाल्याचं खुलं पत्र

बेळगाव, शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ आणि तिकडं खानापूर-निपाणीपर्यंतच्या सगळ्या पतसंस्था, सोसायट्या, मल्टीपर्पजवाल्या चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि डायरेक्टर साहेबांना नमस्कार.

माझ्या घरात भिंतीवर तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही तुम्हीच दिलेली. एक मोठ्या मुलीला एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, चांगले मार्क पडले म्हणून, दुसरं तिलाच सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, आणि तिसरं धाकट्याला परवाच्या सप्टेंबरच्या जनरल बॉडीत. तिन्हींवर सोसायटीचं नाव, खाली चेअरमनचं नाव, त्याखाली फोन नंबर. सोबत शाल, नारळ आणि एक सर्टिफिकेट. मुलं खूश झाली, बायकोनं फोटो काढून स्टेटसला ठेवला, ते सगळं ठीक आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्या सभेत शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसून मी मनातल्या मनात हिशोब घालत होतो की ह्या स्टेजवर जी तीसेक पोरं उभी आहेत त्यातल्या किती जणांच्या आई-बापाची पिग्मी मीच गोळा करतो आणि त्यातली किती पिग्मी ह्या वर्षी मोडली. उत्तर असं आलं की जेवण न करताच घरी आलो.

मी बावीस वर्षं पिग्मी गोळा करतोय, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत त्यांच्या दारात जाऊन घ्यायची आणि सोसायटीत भरायची. खासबाग, वडगाव, जुने बेळगाव, थोडं शहापूर, ही माझी लाईन. आधी सायकल होती आणि पुठ्ठ्याचं कार्ड, मग हातातलं मशीन आलं, आता मोबाईल. सकाळी भाजीवाल्या, दुपारनंतर मागावर साड्या विणणारे मागवाले, संध्याकाळी उद्यमबागेतून फौंड्रीची शिफ्ट सुटून आलेले लोक. कोण वीस देतं, कोण पन्नास, एखादा हॉटेलवाला दोनशे. एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याशी पैशापेक्षा जास्त पोरांबद्दलच बोलल्यात. खातं उघडताना मी सवयीनं विचारतो, कशासाठी ठेवताय? दहातले सात जण एकच सांगतात, पोरांच्या शिक्षणाला. पन्नाशीची एक मावशी आहे, कांदे-बटाटे घेऊन बसते, ती म्हणायची, "मला सही येत न्हाई, पोरीला तरी इंग्लिशमध्ये सही यायला पाहिजे की वो." तिची पोरगी आता नर्सिंगला आहे. पण ती नर्सिंगला पोचली ती पिग्मीनं नाही, मावशीच्या भावानं शेत गहाण टाकलं म्हणून. पिग्मी त्याआधीच दोनदा मोडून झाली होती.

इथंच माझं म्हणणं सुरू होतं. तुम्हाला वाटतं गरीब माणूस साठवत नाही. साहेब, गरीब माणूस लई साठवतो, माझ्या बॅगेत रोज संध्याकाळी किती असतात ते तुमच्या कॅशिअरला विचारा. पैसा असतो. फक्त ज्या तारखेला लागतो त्या तारखेला नसतो.

वर्षाचं गणित बघा. पिग्मी वर्षाला सुटते, म्हणजे मुदत भरून पैसे हातात येतात, आणि ती मुदत खातं उघडल्यापासून मोजली जाते, म्हणजे कुणाची ऑक्टोबरला सुटते, कुणाची फेब्रुवारीला. ऑक्टोबरला सुटली की पुढं दिवाळी. फेब्रुवारीला सुटली की लग्नसराई, कुणाच्या तरी मेव्हण्याचं लग्न असतंच. मुदतीआधी मोडायची असली तर गणपतीत मोडतात. आणि शिक्षणाचा खर्च येतो मे-जूनच्या पुढं, म्हणजे नेमका ज्या वेळी आपल्याकडच्या माणसाच्या हातात काहीच नसतं. येळ्ळूर-कडोलीकडच्या शेतकऱ्याला विचारा, मिरग निघाला की बी-बियाणं, खत, भाताची पेरणी, उसाचं बिल आलं असेल तर ठीक नाहीतर तेही अडकलेलं. पावसाळ्यात मागाचा धंदा मंदा, साडीला उठाव नाही. बांधकामावरचे गवंडी घरी बसलेले. सगळ्या वर्षातला सगळ्यात कोरडा महिना पाऊस पडताना येतो, आणि त्याच महिन्यात कॉलेज म्हणतं तीन दिवसात चलन भरा.

माझंच सांगतो. मुलगी २०२३ ला सेकंड पीयूसी झाली, सीईटी दिली, रँक चांगला आला, गव्हर्मेंट कोट्यातनं इंजिनिअरिंगची सीट लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीट लागली म्हणजे झालं असं नसतं. ऑनलाईन चॉईस द्यावा लागतो, चॉईस वन दिला की चलन निघतं, फी भरायची, ॲडमिशन ऑर्डर काढायची आणि मग कॉलेजात जाऊन हजर व्हायचं, सगळं ठरलेल्या तारखेच्या आत. आमच्या वेळी हातात तीन-चार दिवस होते, त्यात एक रविवार. तारीख चुकली की सीट गेली आणि मग उरतं ते मॅनेजमेंट कोट्याचं दार, तिथली फी ऐकून माणूस खुर्चीतनं उठतो. मी लोकांचे पैसे गोळा करणारा माणूस, माझ्या बॅगेत त्या दिवशी लोकांचे बारा हजार होते आणि माझ्या घरात मुलीच्या फीला पैसे नव्हते. शेवटी बायकोचं गंठण ठेवलं. ते सोडवायला दीड वर्ष गेलं.

स्कॉलरशिप मिळाली का? मिळाली, खोटं कशाला बोलू. स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरला, नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातनं, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढला, आमचं मराठ्यांचं इथं थ्री-बी ह्या मागास गटात येतं, दाखल्यावर तो आरडी नंबर असतो तो घातला. पैसे आले पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. आणि ते पण एकदा अडकले, कारण मुलीचं खातं सोसायटीत होतं, आणि सरकारचे पैसे येतात आधार जोडलेल्या बँक खात्यात, सोसायटीच्या पासबुकात येत नाहीत. हे मला, बावीस वर्षं ह्याच धंद्यात असलेल्या माणसाला, सायबर कॅफेतल्या पोरानं सांगितलं. मग माझ्या लाईनवरच्या मागवाल्याला कोण सांगणार?

आता जे लिहितोय ते लिहायला लाज वाटते पण लिहितो, नाहीतर पत्राला अर्थ नाही. २०१५ च्या जानेवारीत सुकन्या समृद्धी योजना निघाली. मुलगी दहा वर्षाच्या आत असली की पोस्टात खातं, आत्ता वर्षाला कमीत कमी अडीचशे रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षांनी पिकतं, आणि मुलगी दहावी पास झाली किंवा अठराची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतं, ते सुद्धा ॲडमिशनचा कागद दाखवूनच. २०२४ पासून व्याज ८.२ टक्के आहे. आता बघा, ही योजना नेमकी त्या तारखेचाच विचार करून बनवलेली आहे. मला त्याच वर्षी माहीत झालं होतं, माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षाची होती. मी माझ्या लाईनवर कुणाला सांगितलं नाही. का? कारण माझं कमिशन शंभराला तीन रुपये, आणि पन्नास रुपये पोस्टात गेले की माझ्या मशीनमधनं गेले. मीटिंगमध्ये आम्हाला सांगितलं पण होतं की पोस्टाचा विषय काढायचा नाही, कलेक्शन कमी होतंय. आणि गंमत म्हणजे दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणून मी स्वतःच्या मुलीचं पण काढलं नाही, उद्या कुणी पोस्टात बघितलं तर काय म्हणेल! आता हिशोब घालून बघतो तेव्हा कळतं, महिना दीड हजारानं भरले असते तर तिच्या ॲडमिशनच्या वेळी खात्यात दोन लाखाच्या आसपास असते. निम्मे काढता आले असते. गंठण गळ्यातच राहिलं असतं.

पिग्मी वाईट असं म्हणत नाही. ही काही आपण शोधलेली गोष्ट नाही, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली काढली, दिवसाला दोन आणे, घरी येऊन माणूस घेऊन जायचा. ती बँक आता कॅनरात गेली, २०२० ला. पण ज्यानं कुणी ते डोकं चालवलं त्याला कळलं होतं की रोज कमावणारा माणूस रोजच साठवू शकतो, त्याला महिन्याचा एसआयपी नि ऑटोडेबिट सांगून उपयोग नाही. भाजीवालीच्या खात्यात पाच तारखेला पैसे असतीलच असं नाही, पण संध्याकाळी पदराच्या गाठीत पन्नास असतातच. तेवढ्यापुरती पिग्मी बेस्ट. चुकतं ते पुढं. रोजचे पन्नास म्हणजे महिन्याला दीड हजार धरा, दहा वर्षांत एक लाख ऐंशी हजार माणूस भरतो. साडेतीन टक्क्यानं, आणि मध्ये एकदाही न मोडता, ते होतात सव्वादोन लाखाच्या आतच. तेच सुकन्यात आजच्या व्याजानं पावणेतीनच्या आसपास, मुलगा असेल तर पीपीएफ ह्या सरकारी बचत खात्यात ७.१ टक्क्यानं अडीचच्या वर. पण खरं सांगू का, हा फरक मोठा नाही. मोठा फरक हा आहे की आपल्या पिग्मीत दहा वर्षं पैसे टिकतच नाहीत. दर वर्षी सुटते, दर वर्षी नव्यानं शून्यातनं सुरू. मधेच अडचण आली तर पिग्मीवर लोन मिळतं, ते पण अर्ध्या तासात, आणि आपण ते किती कौतुकानं बोर्डावर लिहितो, "तात्काळ पिग्मी लोन". पोराच्या फीचे पैसे बापाच्या पोटदुखीला जातात, बहिणीच्या बाळंतपणाला जातात, मी त्यांना दोष देत नाही, आजार काय सांगून येत नाही. पण घरखर्चाचा डबा आणि पोराच्या शिक्षणाचा डबा एकच असेल तर रिकामा कुठला होणार ते ठरलेलंच आहे.

तर माझं मागणं. एक वेगळं खातं काढा, पोराच्या नावाचं, पिग्मीसारखंच रोज भरता येणारं, पण दर वर्षी सुटणारं नाही. सुटायची तारीख उघडल्यापासून मोजू नका, पोरगं ज्या वर्षी पीयूसीला जाणार किंवा सेकंड पीयूसी होणार त्या वर्षीचा पंधरा मे धरा. त्यावर लोन नाही. मोडायचं असेल तर आईची सही कंपल्सरी. हे शेवटचं मी विचार करून लिहिलंय, बावीस वर्षांत पोराच्या नावची पिग्मी मोडायला आलेल्यांत बाप जास्त आणि ज्यांनी ती रोज भरली त्यांत आया जास्त, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली तर माझ्या लाईनवरच्या दोन जणींनी सिटी बसचे वाचलेले पैसे तसेच पिग्मीत वाढवले. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार यायला लागले, हप्ता पुढं-मागं होतो ते सोडा, पण तेही पोरीच्या नावानं टाकणाऱ्या आहेत. त्यांचे नवरे मला रस्त्यात अडवून विचारतात, तिच्या खात्यात किती झाले? मी सांगत नाही.

दुसरं म्हणजे त्या तीन दिवसांचं काहीतरी करा. सीईटीचा अलॉटमेंटचा कागद दाखवला की त्याच दिवशी फीपुरतं ॲडव्हान्स, ते पण आई-बापाच्या हातात नाही, थेट कॉलेजच्या चलनाला, आणि परतफेड स्कॉलरशिप आल्यावर किंवा महिन्याला थोडं थोडं. व्याज नाममात्र. तुम्ही म्हणाल पैसे कुठनं आणू. साहेब, दर वर्षी डिव्हिडंड जाहीर करताना टाळ्या पडतात, त्यातला एक टक्का कमी करा, टाळ्या एवढ्याच पडतील. आणि घड्याळं बंद करा. शाल पण.

बँकेचं शिक्षण कर्ज आहे की, असं एक डायरेक्टर मला म्हणाले. आहे. चार लाखापर्यंत तारण मागायचं नाही असा नियम पण आहे. तो नियम माहीत असलेला बाप आणि नसलेला बाप ह्यांना बँकेत मिळणारी उत्तरं वेगळी असतात एवढंच सांगतो. मी स्वतः एका ठिकाणी गेलो तर "एफडी आहे का" हा पहिला प्रश्न होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शिक्षण कर्जाची योजना मंजूर झाली, जामीन नाही तारण नाही, पण ती यादीतल्याच कॉलेजांना लागू, तुमच्या पोराचं कॉलेज यादीत आहे का ते बघायला आधी ती यादी असते हे माहीत पाहिजे. आपल्या राज्यातल्या महामंडळांची अरिवु नावाची कर्जं आहेत, दोन टक्के व्याजाची. आपल्या सभासदांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय ते पुढच्या सभेत हात वर करायला सांगून बघा.

आणि भाषेचा विषय. मी वादात पडत नाही, बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी म्हणा, फी तेवढीच आहे. पण वस्तुस्थिती ही की पोरगं मराठी शाळेत शिकलं, बाप मराठी पेपर वाचतो, आणि फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये. सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचे दाखले, ग्रामीण कोट्याचा दाखला, ह्यातलं एक जरी राहिलं तरी खेळ खलास. खेड्यातल्या शाळेत पहिली ते दहावी शिकलेल्या पोरांना सीईटीत १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे, आणि ते वेळेत क्लेम न केल्यानं जनरलमध्ये राहिलेलं पोरगं माझ्या नात्यात आहे. पलीकडं महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना काही कोर्सना वेगळ्या जागा असतात, त्याला वेगळे कागद, वेगळ्या तारखा. दोन्हीकडनं पोरांना काहीतरी मिळू शकतं आणि दोन्हीकडनं हुकतं, आणि हुकल्यावर आपण सरकारला शिव्या घालतो. जानेवारीत, म्हणजे परीक्षेच्या आधी, रात्री नऊला, जेवणं झाल्यावर, गल्लीतल्या देवळात एक मीटिंग घ्या. हॉल नको, हॉलमध्ये माणूस चप्पल कुठं काढू म्हणून येत नाही. मराठीत सांगा, कुठला कागद कधी काढायचा, आणि खातं बँकेत उघडून आधार जोडून घ्या म्हणून सांगा. होय, दुसऱ्याच्या बँकेत. तुमच्या सोसायटीतनं एक सेव्हिंग खातं कमी झालं तर काय बुडणार नाही.

बुडण्यावरनं आठवलं. मुलगी नववीत असताना मी ज्या सोसायटीत तिच्यासाठी एफडी ठेवली होती तिचं शटर एक दिवस उघडलंच नाही. नाव घेत नाही, घेऊन पैसे येणार नाहीत. मी त्यांचं कलेक्शन पण करत होतो, म्हणजे माझे तर गेलेच, पण माझ्या हातानं दिलेले लोकांचे पण अडकले. दोन वर्षं मी खासबागेतल्या एका गल्लीतनं जायचं टाळत होतो. एक मागवाला मला म्हणाला, "मामा, आम्ही सोसायटीला दिले न्हाईत, तुम्हाला दिले." ह्याला काय उत्तर आहे? बँकेत पाच लाखापर्यंतची ठेव विम्यात असते, २०२० च्या फेब्रुवारीपासून, त्याआधी एक लाख होती, आणि त्यात सहकारी बँका पण येतात. पतसंस्था, सोसायटी त्यात येत नाही. काउंटरच्या काचेवर तुम्ही एफडीचे रेट मोठ्या अक्षरात लावता, त्याखाली मराठीत आणि कन्नडमध्ये एक ओळ लावा की ह्या ठेवीला विमा नाही. ठेवी कमी होतील म्हणता? होऊ देत थोड्या. ज्यांचा तुमच्यावर विश्वास आहे ते वाचून सुद्धा ठेवतील, आणि बाकीच्यांना पोरांचे पैसे दोन ठिकाणी वाटून ठेवायची अक्कल तरी येईल. ज्या सोसायट्या चांगल्या चालल्यात, आणि बऱ्याच चांगल्या चालल्यात, त्यांनी घाबरायचं कारण काय?

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. गेल्या दिवाळीपासून लाईनवर जिथं दहाच्या आतली मुलगी दिसली तिथं सुकन्याचं सांगतो. आत्तापर्यंत अकरा खाती उघडली, काही जणी माझ्याकडं पन्नास रुपये देतात आणि महिन्याअखेरीला पिग्मीतनं काढून स्वतः पोस्टात भरतात. कलेक्शन थोडं पडलंय, मॅनेजर साहेबांनी विचारलं पण, मी म्हटलं पाऊस आहे.

आता पाऊस संपल्यावर काय सांगायचं ते मला माहीत नाही, म्हणून हे पत्र. माझी नोकरी नाही, कमिशन आहे, बंद करायचं तर एका फोनवर बंद होईल, ते मला कळतं. मुलीचं शेवटचं वर्ष राहिलंय आणि धाकट्याची पीयूसीची फी ह्या वेळी तरी वेळेत भरलेली आहे.

पुढच्या जनरल बॉडीत ऐनवेळचे विषय आले की मी शेवटच्या रांगेतनं उठणार आहे. दर वर्षी त्याच वेळेला माईक खराब होतो, ह्या वर्षी तेवढा चेक करून ठेवा.

आपला,
खासबाग-वडगाव लाईनचा पिग्मीवाला